भार पाचव्या तुकड्यावर

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे, बाबाही ठीक आहेत. पत्ता मामेबहिणीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मी दोन आठवडे तिच्या मागे लागले होते.

एक कामाचं विचारायचं होतं, म्हणून लिहितेय.

मी हल्ली आवाजाचं काम करते. फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणणारी एक बाई असते ना, लोक जिला शिव्या घालतात, ती मी. लिफ्टमध्ये मजले सांगणारीही मीच. गेले सहा महिने मात्र वेगळंच काम हातात आहे. एक प्रकाशक शास्त्रीय शब्दांचा बोलता कोश काढतोय. विद्यार्थ्याने शब्दावर बोट ठेवलं की माझा आवाज तो म्हणून दाखवणार, आधी तुकडे पाडून, मग सलग. अकरा हजार शब्द आहेत. खोली एवढीशी, भिंतींना आवाज शोषणारा करडा नमदा, एक खुर्ची, एक माइक. पोटात गुरगुरलं तरी माइकला ऐकू जातं, म्हणून सकाळी पोटभर खाऊन जावं लागतं. मी चार किलो वाढलेय.

शब्दांचे तुकडे पाडून देणारे एक सर आहेत. निवृत्त आहेत, सत्तरी केव्हाच ओलांडलेली. उच्चारशास्त्रात त्यांचं आयुष्य गेलं. रेकॉर्डिस्ट त्यांना पाठीमागे टाळूमास्तर म्हणतो, कारण काहीही चुकलं तरी ते एकच विचारतात, ‘जीभ टाळूला कुठे लागली?’ प्रत्येक शब्दाचं एक कार्ड असतं. त्यावर तुकडे, आणि ज्या तुकड्यावर भार द्यायचा त्याच्या डोक्यावर एक तिरकी रेघ.

आता कामाचं. या आठवड्यात टी अक्षराचा गठ्ठा आला. त्यात एक कार्ड आहे, थ्रॉम्-बो-साय-टो-पी-नि-अ. सात तुकडे, भार पाचव्यावर. सरांचं म्हणणं, पुस्तकाप्रमाणे ‘पीनिया’ बरोबर, पण दवाखान्यात सगळे ‘पेनिया’ म्हणताना त्यांनी ऐकलंय. त्यांनी मला विचारलं, ‘तुमच्या ओळखीत कुणी डॉक्टर आहे का?’

मी नाही म्हटलं.

मग घरी आल्यावर वाटलं, तुलाच विचारावं. तुम्ही लोक रोजच्या बोलण्यात काय म्हणता? एका ओळीत कळवलंस तरी पुरे. हा गठ्ठा महिनाअखेरीस संपवायचा आहे.

धाकटी


मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर येणार नाही हे मला पहिलं पत्र पेटीत टाकतानाच कळलं होतं. तरी रोज घरी आल्यावर दाराखाली बघते.

तो शब्द मी तुला असा विचारायला नको होता. सात वर्षांत आपल्या घरात तो कुणी तोंडातून काढलेला नाही. मामा ‘आईचं ते दुखणं’ म्हणतात. बाबा तेवढंही म्हणत नाहीत. आणि मी, जिने तुझा आवाज सात वर्षांत ऐकलेला नाही, तिने पहिल्या पत्रात नेमका तोच शब्द तुकडे करून पाठवला. मला दुसरी सुरुवात सुचली नाही, हे खरं आहे. पण सगळं खरं नाही.

शनिवारी ते कार्ड माझ्यासमोर आलं. मी पहिले चार तुकडे म्हटले आणि थांबले. पाणी प्यायले. परत चार तुकडे म्हटले आणि थांबले. असं चौदा वेळा झालं. रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून विचारलं, ‘मॅडम, परवा तुम्ही अख्ख्या ओळीच्या लांबीचं रसायन एका दमात म्हटलंत. आज काय धाड भरली?’

सर आत आले. त्यांना वाटलं, भाराचा घोळ होतोय. खुर्चीच्या हातावर बोटाने ताल धरून ते मला समजावायला लागले. ‘हे बघा, थ्रॉम्बोसायटोसिस आणि थ्रॉम्बोसायटोपीनिया. पहिले चार तुकडे अगदी तेच, जुळे म्हणा. पण सिस म्हणायचं असेल, तर भार चौथ्यावर येतो. टो जोरात. पीनिया म्हणायचं असेल, तर टो हलका सोडायचा आणि पुढे जायचं. म्हणजे काय, शेवट काय येणार ते तुम्हाला चौथ्या तुकड्यालाच ठाऊक असावं लागतं.’

‘आणि ठाऊक नसेल तर?’ मी विचारलं.

‘मग थांबावं आणि शब्द नीट बघावा,’ ते म्हणाले. ‘त्यात लाज कसली?’

लाज कसली ते मी त्यांना काय सांगू? तुला आठवतं, मला र म्हणता यायचा नाही. पाहुणे आले की तू मला ‘रबर’ म्हणायला लावायचीस. मी ‘लबल’ म्हणायचे आणि सगळे हसून लोळायचे. घरभर माझं नाव बोबडी पडलं. आईसुद्धा म्हणायची. पुढे र आला, पण नाव गेलं नाही. मग तू मेडिकलला गेलीस आणि मी एकदा तुझ्या टेबलावरचं पुस्तक उचलून मोठ्याने ‘प्सायकॉलॉजी’ वाचलं. तू ते तुझ्या मैत्रिणींना सांगितलंस. पुढे त्या कितीतरी दिवस मला बघितलं की ‘प्स’ करायच्या.

तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यानंतर तुझ्यासमोर मी मोठा शब्द कधी शेवटपर्यंत नेला नाही. अर्धा म्हणायचे, उरलेला तू पुरा करायचीस. आपली ती पद्धतच होऊन गेली. तुझ्या लक्षात आली होती का?

चौदा वेळा झाल्यावर सरांनी मला घरी पाठवलं. घसा बसलाय असं वहीत लिहिलं. घशाला काहीही झालेलं नाही.

धाकटी


बुधवार, १९ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी रजिस्टरने पाठवतेय. सही तुझी लागेल. मधे कुणी उघडेल या सबबीखाली मला काही गाळायचं नाही.

तो दिवस जसा झाला तसा लिहिते.

आईला महिनाभर थकवा होता. दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली, ती घेऊन मी जिन्यात जाऊन तुला फोन लावला. घरातून लावला नाही, कारण आई जागी होती. तू ड्यूटीवर होतीस. आदल्या दिवसापासून उभी होतीस, असं तूच म्हणालीस. मागून कुणीतरी तुला हाका मारत होतं.

‘पटकन सांग. काय लिहिलंय?’

मी म्हटलं, ‘थ्रॉम्बो… सायटो…’

चिठ्ठीत तो शब्द ओळीच्या शेवटी तुटला होता. सायटो, मग छोटी आडवी रेघ, आणि उरलेला भाग खालच्या ओळीत. मी रेघेपाशी अडखळले.

‘थ्रॉम्बोसायटोसिस?’ तू म्हणालीस.

मी हो म्हटलं.

खालची ओळ मला दिसत होती, ताई. तिथे सिस नव्हतं. पी होता, मोठ्ठा आणि स्पष्ट. मला वाटलं, एकाच गोष्टीची दोन रूपं असतील. असं वाटलं म्हणून मी सात वर्षं स्वतःची समजूत घालतेय. खरं म्हणजे काहीच वाटलं नाही. ‘थांब, खाली वेगळंच काहीतरी आहे’ म्हटलं असतं, तर तो भाग वाचून दाखवावा लागला असता. मी तो चुकीचा वाचला असता. तू हसली असतीस. किंवा घाईत होतीस म्हणून हसलीही नसतीस. पण मी सवयीने हो म्हटलं आणि सुटले.

तू रक्ताचे आकडे विचारलेस. ते दुसऱ्या कागदावर होते, तो तपासणीवाल्यांकडे राहिला होता. मी म्हटलं, सोमवारी मिळेल. तू म्हणालीस, ‘घाबरू नकोस. पेशी जरा वाढल्यात, याने क्वचित गुठळी होते एवढंच. ॲस्पिरिनची लहान गोळी रोज एक दे. सोमवारी आकडे कळव, मग बघू.’ मी विचारलं, गुडघ्याची गोळी चालू ठेवू का? तू म्हणालीस, ठेव.

तीन दिवस मी माझ्या हाताने दिली. आईच्या दंडांवर निळे डाग होते. ते तिने लांब बाह्यांखाली झाकले होते, तुला नि मला उगाच काळजी नको म्हणून. सोमवारी सकाळी ती ओट्यापाशी कोसळली. पुढचं तुला माहीत आहे. तिथले डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘प्लेटलेट्स इतक्या कमी असताना यांना रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन कुणी दिली?’

आता जे तुला माहीत नाही ते.

आई गेल्यावर चार दिवसांनी मामांनी पुढच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. तुला विचारलं, ‘तू फोनवर काय ऐकलंस?’ तू म्हणालीस, ‘सिस.’ मग ते माझ्याकडे वळले. ‘तू काय वाचलंस?’

मी म्हटलं, ‘मी पूर्ण वाचलं होतं. पीनियासकट.’

तू माझ्याकडे बघितलंस. तू किती वेळ बघत होतीस ते मला आजही सांगता येईल, पण लिहीत नाही. मग तू म्हणालीस, ‘फोन खरखरत होता. माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल.’

फोन अजिबात खरखरत नव्हता.

बाबा तुला म्हणाले, ‘यापुढे या घरात कुणाला औषध सांगू नकोस.’ तू दुसऱ्या दिवशी गेलीस. वर्षभराने मामांकडून कळलं की तू पेशंट बघणंच सोडलंस, कुठल्याशा विमा कार्यालयात बसून इतरांचे रिपोर्ट तपासतेस. मामी हळहळली, ‘एवढी शिकलेली पोर.’ मी तिथेच भाजी निवडत होते. निवडत राहिले.

तू चुकीचं ऐकलं नव्हतंस. मी वाचलंच नव्हतं.

माफी मागायला मी हे लिहीत नाहीये, असं लिहिणार होते. पण मागायचीच आहे. दुसरं काय करणार?

धाकटी


शुक्रवार, २१ मार्च

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. एक पान, दोन्ही बाजूंनी. मी ते जिन्यातच उभ्याने वाचलं.

वरची ओळ, ‘दोन्ही चालतं. आम्ही पेनिया म्हणायचो.’ म्हणायचो, असं लिहिलंस.

मग तू लिहिलंस: ‘आकडा न बघता मी गोळी सांगितली. समोर जगातल्या सर्वांत शुद्ध उच्चाराची बाई असती, तरी आकडा बघितल्याशिवाय सांगायची नसते. हे माझं आहे. ते तू तुझ्याकडे ओढू नकोस. माझी चूक अंगावर घेऊन तुला मोठं व्हायला आवडेल, म्हणून मी ती तुला देणार नाही. पण मामांच्या त्या प्रश्नाला तू जे उत्तर दिलंस ते तुझं आहे. मी सात वर्षं माझे कान तपासून घेतेय. खरोखरचे. दोनदा यंत्रावर बसून आले. दोन्ही वेळा तिथल्या माणसाने सांगितलं, तुमचं ऐकणं उत्तम आहे. तरी मला पटलं नाही.’

हे वाचून मी पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरची बाई पिशव्या घेऊन आली, तिला वाट द्यायला उठले आणि परत बसले.

शेवटी तुझा एकच प्रश्न, ‘हे बाबांना सांगितलंस का?’

नाही.

तुला लिहिलं, तेवढ्याने माझ्या मते झालं होतं. रजिस्टरची पोचपावती आली त्या दिवशी मी चक्क छान झोपले. तुझा प्रश्न वाचेपर्यंत लक्षातच आलं नाही की मी पुन्हा अर्धाच शब्द म्हटलाय.

ते कार्ड मी सरांना परत दिलं. म्हटलं, हा एक शब्द दुसऱ्या कुणाकडून घ्या. त्यांनी कारण विचारलं नाही. चष्मा काढून पुसला, कार्ड खिशात ठेवलं. गेल्या महिनाअखेरीस दुसरी एक बाई येऊन म्हणून गेली, पहिल्या खेपेला, स्वच्छ. अकरा हजारांत तेवढा एक आवाज परका लागेल. रेकॉर्डिस्ट म्हणाला, कुणाच्या लक्षातही येणार नाही.

बाबांना सांगेन. कधी ते लिहीत नाही, कारण तारीख लिहिली की पाळता येणार नाही.

धाकटी


रविवार, ६ एप्रिल

ताई,

सांगितलं.

बुधवारी दुपारी. बाबा खिडकीपाशी जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या उलगडून पुन्हा बांधत होते. मोजणी खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांचं ते चालू असतं. मी समोर बसले. म्हटलं, ‘बाबा, ताईने फोनवर चुकीचं ऐकलं नव्हतं.’

ते दोरा बांधत राहिले.

‘मी शब्द अर्धाच वाचला होता. ती सिस म्हणाली, मी हो म्हटलं. आणि नंतर मामांसमोर खोटं बोलले.’

त्यांनी गाठ मारली. गुंडाळी बाजूला ठेवली. मग विचारलं, ‘तुला कधीपासून माहीत आहे?’

‘तेव्हापासूनच.’

‘म्हणजे मी तिला जे बोललो, ते बोलताना तू तिथे होतीस.’

‘हो.’

‘आणि तुला माहीत होतं.’

‘हो.’

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठून आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. म्हणाले, ‘तिचा नंबर दे.’ मामेबहिणीने पत्त्यासोबत दिला होता, तो मी कागदावर लिहून दिला. मोठ्या आकड्यांत, त्यांना दिसावा म्हणून. त्यांनी दार लावून घेतलं. त्यांनी काय म्हटलं आणि तू काय म्हणालीस, ते मला माहीत नाही आणि विचारायचा मला हक्कही नाही. पण त्या दाराआडून इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही, की मला वाटलं फोन लागलाच नाही. मग एकदा त्यांचा आवाज आला, ‘मी आहे. आहे मी अजून.’

तेव्हापासून ते माझ्या हातचं जेवतात, पण मी स्वयंपाकघरातून गेल्यावर. मामांना त्यांनीच कळवलं. मामांचा मला फोन आला, पण माझा आवाज ऐकून त्यांनी तो ठेवून दिला. मामी तेवढी मागाहून बोलली. ‘पोरी, काय केलंस गं हे,’ एवढंच.

काल बाबा म्हणाले, ‘मी तिच्याकडे जातोय.’

मी विचारलं, ‘किती दिवसांसाठी?’

‘ते ती ठरवेल.’

तू ठरवलंस का?

धाकटी


रविवार, १३ एप्रिल

ताई,

बाबांना आज सकाळी गाडीत बसवलं. हे पत्र त्यांच्या मागून दोन दिवसांनी पोचेल, तोवर यातलं बरंचसं तुझ्या लक्षात आलेलं असेल. तरी लिहिते, कारण ते स्वतः काही सांगणार नाहीत.

डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं. कबूल करत नाहीत. जेवताना त्यांच्या उजव्या हाताला बस. रागावले की भाजी अळणी आहे म्हणतात. मीठ घालू नकोस, ती अळणी नसते. सकाळी चालायला जातात आणि कुठल्याही नव्या रस्त्याला लागले की आधी शेवटपर्यंत जाऊन बघतात, त्यामुळे पहिले काही दिवस उशीर होईल, घाबरू नकोस. रक्तदाबाची गोळी सकाळची आहे. डब्यावर मी काही लिहिलेलं नाही. चिठ्ठी आणि शेवटच्या तपासणीचे सगळे कागद, आकड्यांसकट, बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहेत. तूच बघ. मागच्या महिन्यापासून ते म्हणत होते की गोळीने चक्कर येते आणि मी इथल्या डॉक्टरांकडे चला म्हटलं की ऐकत नव्हते. बॅग भरताना मात्र म्हणाले, ‘असू दे. तिला विचारीन.’

आईचा विषय निघाला तर थांबवू नकोस. माझ्यापाशी तो कधी निघाला नाही. ते का, हे आता तुला कळलंच आहे.

मी बरी आहे. टी संपला, पुढची अक्षरं किरकोळ आहेत, महिनाभरात कोश पुरा होईल. मग सर म्हणतात, वनस्पतींच्या नावांचा दुसरा घ्यायचाय. करीन.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू ‘लिहीत जा’ म्हणालेली नाहीस. ‘लिहू नकोस’ असंही म्हणालेली नाहीस. मी महिन्यातून एकदा लिहीन. उत्तराची वाट बघणार नाही असं म्हणवत नाही, पण त्याबद्दल विचारणार नाही.

स्टेशनवर बाबा खिडकीपाशी बसले होते. मी खाली उभी होते. अकरा दिवसांत ते माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नव्हते. गाडी हलली तेव्हा ते गजांजवळ झुकले आणि म्हणाले, ‘एकटी आहेस. दार नीट लावून घे.’

घरी आले, दार नीट लावून घेतलं. वरची कडीसुद्धा. त्यांच्या खोलीतल्या गुंडाळ्या तशाच रांगेत आहेत, मी हात लावलेला नाही. इतकं शांत आहे की माइक लावला तर आत्ता इथेच रेकॉर्डिंग करता येईल.

आता हे पत्र टाकायचं, तर दार पुन्हा उघडायला हवं.

धाकटी